निर्बंधांतील सूट बँकेच्या खिडकीशी अडते

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत ९ डिसेंबर २०२२ रोजी ठराव क्रमांक २६६४ मतास टाकला गेला, तेव्हा १५ पैकी १४ सदस्यांनी त्याच्या बाजूने मत दिले. विरोधात कोणीही नव्हते. तटस्थ राहिलेला एकमेव देश होता भारत; आणि त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षपदही भारताकडेच होते. अमेरिका आणि आयर्लंड यांनी मांडलेला हा ठराव वरकरणी कोणालाही मान्य व्हावा असा होता. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे ज्या व्यक्तींची वा संघटनांची मालमत्ता गोठवण्यात आली आहे, त्यांच्या प्रभावक्षेत्रातही अन्न, औषधे आणि निवारा वेळेवर पोहोचावा, यासाठी लागणारा पैसा, माल आणि सेवा पुरवणे हा निर्बंधांचा भंग समजला जाऊ नये, एवढेच त्यात म्हटले होते. उपाशी माणसापर्यंत भाकरी नेणाऱ्या संस्थेला गुन्हेगार ठरवू नका, हा त्याचा सरळ अर्थ. मग भारतासारख्या देशाने त्यापासून अंतर का राखले?

हा प्रश्न न्यूयॉर्कचा किंवा दिल्लीचा वाटेल. पण मध्य रेल्वेवर कल्याणच्या पुढे लागणाऱ्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांशी त्याचा संबंध दिसतो त्यापेक्षा बराच जवळचा आहे. उल्हासनगर हे शहरच मुळी निर्वासितांच्या मदतछावणीतून उभे राहिले. याच लोहमार्गाच्या मुंबईकडील टोकावर २००८ साली दहशतवाद्यांनी जो रक्तपात घडवला, त्याच्याशी भारताच्या तटस्थतेचा थेट धागा जुळतो. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायने आणि औषधी द्रव्ये तयार होतात, आणि निर्बंधांतील सवलतींचा व्यवहारातला अर्थ अशाच कारखानदारांना आधी कळतो. हे तीन धागे एकत्र पाहिले, म्हणजे सवलत द्यावी की देऊ नये एवढ्यावर हा वाद संपत नाही, हे ध्यानात येते. सवलत दिल्यानंतर ती कोण तपासणार आणि कोण पाळणार, हा खरा प्रश्न आहे.

भारताच्या तटस्थतेमागील कारण

मतदानानंतर भारताच्या राजदूत रुचिरा कंबोज यांनी भूमिका स्पष्ट केली. बंदी घातलेल्या दहशतवादी संघटना मानवतावादी सवलतींचा गैरफायदा घेतात. भारताच्या शेजारात अशा संघटनांनी स्वयंसेवी संस्थांचा अवतार धारण करून निर्बंध चुकवल्याचे सिद्ध झालेले आहे, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. सवलतीबरोबर कडक देखरेख आणि अहवालाची व्यवस्था हवी, ही भारताची मागणी होती.

ही भीती काल्पनिक नव्हती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री त्या वेळच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहत बसलेल्या प्रवाशांवर दोन अतिरेक्यांनी गोळ्या झाडल्या. त्या एका ठिकाणी ५० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली; मुंबईभरच्या हल्ल्यांतील मृतांची संख्या १६६ झाली. बदलापूरहून निघणारी लोकल ज्या स्थानकात थांबते, तेच हे स्थानक. हा हल्ला घडवणाऱ्या लष्कर-ए-तय्यबाचा सार्वजनिक चेहरा होता ‘जमात-उद-दावा’. ही संघटना स्वतःला धर्मादाय संस्था म्हणवत असे. ८ ऑक्टोबर २००५ रोजी पाकव्याप्त काश्मीरमध्ये भूकंप झाला, तेव्हा तिने मदतछावण्या, रुग्णवाहिका आणि तंबू यांचे जाळे उभारले. मदत खरी होती, आणि तिच्या आडून मिळालेली प्रतिष्ठा व पैसाही खरा होता. मुंबईवरील हल्ल्यानंतर दोन आठवड्यांनी, १० डिसेंबर २००८ रोजी, सुरक्षा परिषदेच्या निर्बंध समितीने जमात-उद-दावाचे नाव लष्करचे पर्यायी नाव म्हणून यादीत घातले. त्यानंतर तेच काम ‘फलाह-ए-इन्सानियत फाउंडेशन’ या नावाने चालू राहिले. हे नाव यादीत यायला मार्च २०१२ उजाडला. पाटी बदलली, दुकान तेच राहिले. ज्या देशाने हे पाहिले, तो मानवतावादी सवलत या शब्दाकडे सावधपणे पाहणारच.

पण भारताची भूमिका सरसकट नकाराची कधीच नव्हती, हेही तितकेच महत्त्वाचे. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल ताब्यात घेतल्यावर अफगाणिस्तानातील मदतकार्य ठप्प होण्याची चिन्हे दिसू लागली. २२ डिसेंबर २०२१ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २६१५ एकमताने संमत करून तालिबानवरील निर्बंधांतून मदतकार्याला सूट दिली. त्या एकमतात भारत सामील होता. वर्षभराने फेरआढावा घेण्याची तरतूद त्या ठरावात होती. पुढे फेब्रुवारी २०२२ पासून भारताने पाकिस्तानमार्गे अफगाणिस्तानला गहू पाठवायला प्रारंभ केला. एकूण ५० हजार टन गव्हाचे ते आश्वासन होते. तेथील वाटपासाठी भारताने संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाशी करार केला. म्हणजे दहशतवाद्यांच्या यादीतील माणसे ज्या देशात मंत्री होती, तिथल्या जनतेला भारताने सवलतीच्या आधारेच धान्य दिले. भारताला सवलत नको होती असे नाही. देखरेखीविना आणि सर्व निर्बंधांना एकाच फटकाऱ्यात लागू होणारी सवलत त्याला नको होती.

सवलत नसली की काय होते

या भीतीच्या समोर दुसरी भीती उभी आहे, आणि तिचीही किंमत माणसांच्या जिवाने मोजली गेली आहे. दक्षिण सोमालियाचा बराच भाग २०१० च्या सुमारास अल-शबाब या संघटनेच्या ताब्यात होता. तिथे काम करणाऱ्या संस्थांनी नाक्यावर दिलेला कर किंवा लुटले गेलेले धान्य हेसुद्धा दहशतवादाला साह्य ठरेल, या धास्तीने मदतीचा ओघ आटला. अल-शबाबनेही अनेक संस्थांना हाकलून लावले. सुरक्षा परिषदेने मार्च २०१० मध्ये सोमालियापुरती सूट दिली होती. परंतु अमेरिकेच्या स्वतःच्या कायद्याचा बडगा वेगळा होता. २०११ मध्ये दुष्काळ जाहीर झाला. २०१० ते २०१२ या काळात तिथे सुमारे २ लाख ५८ हजार माणसे मेली, असा अंदाज नंतरच्या अभ्यासात मांडला गेला. त्यांतील निम्मी पाच वर्षांखालील मुले होती. या संहाराला केवळ निर्बंध कारणीभूत नव्हते. पण मदत उशिरा पोहोचण्यामागे कायद्याची भीती होती, हे नाकारता येत नाही.

इराकचा अनुभव याहून गुंतागुंतीचा आहे. कुवेतवरील आक्रमणानंतर ६ ऑगस्ट १९९० रोजी लादलेल्या निर्बंधांतून औषधे पहिल्या दिवसापासून वगळलेली होती. तरीही रुग्णालये ओस पडली. कारण औषध विकत घ्यायला लागणारे परकीय चलन गोठलेले होते आणि पाणी शुद्ध करण्याचे साहित्यही लष्करी उपयोगाच्या संशयावरून समितीत अडकत होते. ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ ही योजना डिसेंबर १९९६ मध्ये प्रत्यक्ष सुरू झाली. या योजनेचे काम पाहणारे संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये आणि त्यांच्यानंतर आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० मध्ये निषेध म्हणून पद सोडले. मात्र हीच योजना पुढे लाचखोरीचे आगर ठरली. ऑक्टोबर २००५ मधील व्होल्कर समितीच्या अहवालाने २,२०० हून अधिक कंपन्यांनी सद्दाम राजवटीला बेकायदा रकमा पोहोचवल्याचे म्हटले. त्या अहवालातील उल्लेखांमुळे भारताचे परराष्ट्रमंत्री नटवरसिंह यांना त्या खात्यावर पाणी सोडावे लागले, हे मराठी वाचकांच्या स्मरणात असेलच. इराकने एकाच वेळी दोन धडे दिले. सवलत तुटपुंजी असली तर मुले मरतात. आणि देखरेख ढिली असली तर सवलत चोरांच्या हाती जाते.

निर्बंध भारतावरही होते

भारताला हा विषय दुसऱ्या बाजूनेही ठाऊक आहे. ११ आणि १३ मे १९९८ च्या पोखरण अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने भारतावर निर्बंध घातले. विकासासाठीची बरीचशी मदत थांबली, जागतिक बँकेची अनेक कर्जे लांबणीवर पडली. पण मानवतावादी साह्य कायद्यातच वगळलेले होते. त्यामुळे स्वयंसेवी संस्थांमार्फत गरीब माता आणि मुलांपर्यंत पोहोचणारी अन्नमदत चालू राहिली. मूलभूत गरजांशी निगडित कर्जांनाही वेगळा न्याय मिळाला. भारत आणि पाकिस्तानवरील बहुतेक निर्बंध २२ सप्टेंबर २००१ रोजी उठले.

त्या काळातील एक घटना उद्बोधक आहे. निर्बंध लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच जुलै १९९८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने शेतमालाच्या निर्यातीसाठीची कर्जहमी निर्बंधांतून मोकळी केली. कारण दयाबुद्धीचे नव्हते. पाकिस्तान गहू खरेदी करणार होता आणि ते कंत्राट हातचे जाईल, अशी अमेरिकी शेतकऱ्यांना धास्ती होती. सवलती केवळ करुणेतून जन्मतात हा समज त्यामुळे गळून पडतो. ज्यांच्या हिताला धक्का लागतो त्यांचा आवाज मोठा असेल, तर सवलत आठवड्यांत मिळते. आवाज नसेल, तर वर्षे लागतात. बालमृत्यूच्या आकड्यांना मतदारसंघ नसतो.

कारखाना, बँक आणि न्यूयॉर्क

अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत शिरले, की सवलतीचे खरे दुखणे उमगते. निर्बंधांखालील देशातील रुग्णालय वा मदतसंस्था औषधाची मागणी नोंदवते, असे समजू. औषध निर्बंधांतून वगळलेले आहे; कायदा आडवा येत नाही. परंतु मालाचे पैसे यायला हवेत. ते डॉलरमध्ये यायचे असतील, तर व्यवहार न्यूयॉर्कमधील एखाद्या बँकेच्या वहीतून जातो आणि तिथे अमेरिकेचा कायदा लागतो. ती बँक विचार करते : या एका व्यवहारातून मिळणारे दलाल-शुल्क किती, आणि चूक झाली तर होणारा दंड किती? फ्रान्सच्या बीएनपी पारिबा या बँकेने सुदान, इराण आणि क्युबाशी संबंधित व्यवहारांवरून २०१४ मध्ये सुमारे ८९० कोटी डॉलर भरण्याचे कबूल केले होते. हा आकडा प्रत्येक बँकरच्या डोक्यात पक्का बसलेला आहे. तेव्हा तो कायदा वाचत बसत नाही, सरळ नकार देतो. जहाज कंपनी आणि विमा कंपनीही हाच मार्ग धरतात. कायद्याने उघडलेले दार बँकेच्या खिडकीत बंद होते ते असे.

इराणच्या बाबतीत हे फार ठळकपणे घडले. अमेरिकेने ८ मे २०१८ रोजी अणुकरारातून अंग काढून घेतले आणि वर्षअखेरीपर्यंत जुने निर्बंध पुन्हा लागू केले. अन्न आणि औषधे यांना कागदोपत्री सूट होतीच. तरीही प्रत्यक्षातील अडथळे इतके होते, की आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०१८ रोजी औषधे, अन्नधान्य आणि नागरी विमानांच्या सुरक्षेसाठी लागणारे भाग यांच्या वाटेतील अडसर दूर करण्याचा अंतरिम आदेश अमेरिकेला दिला. भारताने २०१२ पासून युको बँकेमार्फत रुपयांतील व्यवहाराची एक आडवाट काढली होती. इराणी तेलाचे पैसे रुपयांत जमा होत, आणि त्यांतून भारतीय तांदूळ, चहा व औषधे इराणला जात. मे २०१९ पासून भारताने इराणी तेल घेणे थांबवले आणि त्या खात्यात नवी भर पडणे बंद झाले. औषधांवर बंदी नव्हती. औषधांचे पैसे जिथून यायचे ती विहीरच आटली. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांचे इराणवरील जुने निर्बंधही पुन्हा लागू झाल्याने हा गुंता आणखी वाढला.

रसायनांच्या कारखानदारांपुढे आणखी एक पेच असतो. तयार गोळी हे औषध आहे, यावर कोणी वाद घालत नाही. पण त्यामागील कच्च्या रसायनाचा दुसराही उपयोग निघू शकतो. खत, रंग, औषध आणि स्फोटके यांचे रसायनशास्त्र एकमेकांना चिकटलेले आहे. त्यामुळे प्रत्येक पिंपामागे प्रमाणपत्रांची चळत लागते. मोठी कंपनी त्यासाठी वकील नेमते. औद्योगिक वसाहतीतील लहान कारखाना ती मागणीच सोडून देतो. मदत न पोहोचण्याची अनेक कारणे अशी अदृश्य असतात. कोणी नकार देत नाही, कोणावर खटला होत नाही. फक्त माल निघत नाही.

या अडचणीवर तोडगा निघूच शकत नाही, असे नाही. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला. सीरियावर त्या वेळी अमेरिकेचे कठोर निर्बंध होते. भूकंपानंतर तीनच दिवसांनी अमेरिकेच्या अर्थखात्याने मदतीशी संबंधित व्यवहारांना १८० दिवसांची सर्वसाधारण परवानगी दिली. संस्थांना एकेका व्यवहारासाठी अर्ज करण्याची गरज उरली नाही आणि बँकांच्या हाती लेखी आधार आला. मुदत स्पष्ट, कारण स्पष्ट, व्याप्ती स्पष्ट. सवलत अशी दिली, की ती बँकेच्या खिडकीवरही वाचता येते.

घरातील निर्बंध

परदेशी निर्बंधांबद्दल बोलताना काखेतला कळसा विसरून चालणार नाही. भारतातील स्वयंसेवी संस्थांना परदेशातून येणाऱ्या पैशावर स्वतंत्र कायद्याचे नियंत्रण आहे. पहिला कायदा आणीबाणीत, १९७६ मध्ये झाला. त्याची जागा २०१० च्या परदेशी अंशदान नियमन कायद्याने घेतली. २०२० मध्ये त्यात झालेल्या दुरुस्तीने तीन मोठे बदल केले. परदेशी देणगी नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या संसद मार्गावरील मुख्य शाखेतच आली पाहिजे. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि एका संस्थेने मिळालेली परदेशी मदत दुसऱ्या संस्थेकडे सुपूर्द करण्यास पूर्ण मनाई झाली, मग ती दुसरी संस्था नोंदणीकृत असली तरीही.

शेवटच्या बदलाची झळ पहिल्यांदा बसली ती एप्रिल-मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. परदेशातून प्राणवायूची यंत्रे येत होती. ती मिळवण्याची क्षमता मोठ्या संस्थांकडे होती. पण गल्लीबोळातील रुग्ण माहीत होते ते लहान संस्थांना. वस्तुरूपातील मदतही परदेशी अंशदानच समजली जाते, त्यामुळे मोठ्या संस्थेकडून छोट्या संस्थेकडे यंत्र सोपवायचे म्हटले तरी कायदा आडवा येत होता. सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२२ रोजी या दुरुस्त्या वैध ठरवल्या. परदेशी देणगी मिळवणे हा कोणाचा निरपवाद हक्क नाही, ही त्या निकालाची दिशा होती. कायद्याच्या वैधतेचा प्रश्न तिथे मिटला. पण आपत्तीत हाच कायदा कसा वापरायचा, हा शहाणपणाचा प्रश्न उरला.

उल्हासनगरला हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने भिडतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेले ९० हजारांहून अधिक निर्वासित दुसऱ्या महायुद्धातील लष्कराच्या कल्याण कॅम्पमध्ये आले. सैनिकांच्या बराकींत कुटुंबे राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. ‘कॅम्प नंबर’ हा शब्द आजही तिथल्या पत्त्यांत टिकून आहे. या समाजाने पुढे व्यापारासाठी जग पालथे घातले. दुबई, हाँगकाँग, लागोस अशा शहरांत सगेसोयरे नाहीत अशी कुटुंबे तिथे विरळाच. गावाकडे संकट आले, की परदेशातील नातलगांचा हात आपसूक खिशाकडे जातो. इथे कायद्यातील एक बारकावा कळीचा ठरतो. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने संस्थेला दिलेली देणगी परदेशी अंशदान मानली जात नाही. परंतु त्याच्याच भावाने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले असेल, तर त्याची देणगी परदेशी ठरते. त्याच्याकडे भारताचे ओसीआय कार्ड असले तरीही. एका आईची दोन मुले, एकाच मदतकार्याला दिलेला पैसा, आणि कायदा मात्र दोन. नातलगाने नातलगाला खासगी गरजेसाठी पाठवलेल्या रकमेबाबत २०२२ मध्ये शिथिलता आली. वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंतची रक्कम सरकारला न कळवता घेता येईल, अशी दुरुस्ती झाली. संस्थांना मात्र असा दिलासा मिळालेला नाही. नोंदणीसाठी तीन वर्षांचे अस्तित्व आणि त्या काळात किमान १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. वस्तीतल्या मंडळाला किंवा छोट्या विश्वस्त संस्थेला ही पायरी सहज चढता येत नाही.

आणि आपत्तीत आधी धावतात त्या अशाच संस्था. २६ जुलै २००५ च्या प्रलयात उल्हास नदीने बदलापूर ते कल्याण पट्ट्यात हाहाकार माजवला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. सुमारे १,०५० प्रवाशांची सुटका झाली ती राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि सैन्यदलाबरोबर स्थानिक ग्रामस्थही मदतीला आल्यामुळे. अशा वेळी परदेशातील मदतीची गरज पडलीच, तर ती येण्याचा रस्ता आधीच मोकळा असायला हवा. राज्य सरकारने स्वतःपुरता तो शोधला. केरळला २०१८ च्या महापुरात परदेशी सरकारची मदत घेऊ न देणाऱ्या केंद्राने २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहायता निधीला परदेशी देणग्या स्वीकारण्याची परवानगी दिली. सरकारी निधीला मिळालेली ही मुभा स्वागतार्ह आहे. परंतु तिच्यामुळे लहान संस्थांची वाट मोकळी होत नाही.

तोडगा कुठे आहे

दोन्ही भीती खऱ्या असतील, तर दोन्हींवर एकच औषध चालायला हवे. आणि ते आहे जोखीम पाहून देखरेख. आंतरराष्ट्रीय वित्तीय कृती दल, अर्थात एफएटीएफ, हेच सांगते. दहशतवादाच्या पैशावर नजर ठेवणारी ही संस्था. तिला मवाळ कोणी म्हणणार नाही. तिच्या सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने भारताच्या एकूण व्यवस्थेची प्रशंसा केली, पण स्वयंसेवी क्षेत्राबाबतच्या शिफारशीत भारताला ‘अंशतः अनुरूप’ असा शेरा मिळाला. ज्या संस्थांना खरोखर धोका आहे त्यांच्यावर लक्ष केंद्रित करा, सर्वांना एकाच मापाने मोजू नका, हा त्याचा मथितार्थ. सुक्याबरोबर ओलेही जाळणारी यंत्रणा मूळ दहशतवाद्याला पकडते असे नाही. तो पाटी बदलून निसटतो. अडकतो तो कागदपत्रांत कच्चा पण हेतूने स्वच्छ असलेला कार्यकर्ता.

भारताला यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. परदेशी अंशदान कायद्याच्या कलम ५० नुसार, सार्वजनिक हितासाठी एखाद्या संस्थेला अटी घालून सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे आहेच. सीरियाच्या भूकंपात जशी १८० दिवसांची परवानगी निघाली, तशी जाहीर आपत्तीच्या काळापुरती, जिल्ह्यापुरती आणि वस्तुरूप मदतीपुरती सूट या कलमातून देता येईल. मोठ्या नोंदणीकृत संस्थेने छोट्या संस्थेला दिलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद जिल्हाधिकाऱ्यांकडे ठेवावी आणि मुदत संपताच हिशेब उघड करावा. रिझर्व्ह बँकेने बँकांना लेखी सांगावे, की या चौकटीतील व्यवहार केल्याबद्दल कारवाई होणार नाही. निर्यातीच्या बाबतीतही हेच लागू पडते. औषधांचा व्यवहार वैध असेल तर तो कोणत्या बँकेतून, कोणत्या चलनात करता येईल, हे सरकारने स्पष्ट केले, तर लहान कारखानदाराला वकिलाची फौज लागणार नाही.

परिषदेतील वाद मात्र पुढे सरकला आहे. इस्लामिक स्टेट आणि अल-कायदा यांच्यावरील निर्बंधांसाठी, म्हणजे लष्कर आणि जमात ज्या यादीत आहेत त्याच यादीसाठी, २०२२ मध्ये दिलेली सूट दोन वर्षांपुरती होती. ६ डिसेंबर २०२४ च्या ठराव क्रमांक २७६१ ने ती कोणतीही अंतिम मुदत न घालता पुढे चालू ठेवली. भारत तेव्हा परिषदेचा सदस्य नव्हता. सूट आता कायमची झाली असल्यामुळे तिला विरोध करून फारसे काही साधणार नाही. तिच्या देखरेखीचे नियम घडवण्यात पुढाकार घेणे, हाच भारतापुढील मार्ग आहे. पण जो देश बाहेर ‘सवलत द्या, पण हिशेब मागा’ असे सांगतो, त्याने घरातही तेच सूत्र पाळायला हवे. बाहेर हिशेबाचा आग्रह आणि आत सरसकट मनाई, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

उल्हास खोऱ्यातील तीन शहरांना या दोन्ही बाजूंचा अनुभव आहे. मदतीच्या बुरख्याआडून आलेल्या दहशतीची किंमत या रेल्वेमार्गाने मोजली आहे, आणि वेळेवर मिळालेल्या मदतीवर माणसे पुन्हा कशी उभी राहतात, हे उल्हासनगरने साऱ्या देशाला दाखवले आहे. यांतला पहिला अनुभव लक्षात ठेवून दुसरा विसरणे परवडणारे नाही. दिल्लीने धोरण आखताना दोन्हींचा मेळ घातला, तर पुढच्या महापुरात मदतीचे सामान बँकेच्या खिडकीशी खोळंबून राहणार नाही.